चिदंबरमच्या नटराजाला चुंबकाची गरज नाही

महाशिवरात्र जवळ आली की एक मजकूर मराठी गटांमधून फिरू लागतो. वर चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या सोनेरी छपराचा फोटो असतो आणि खाली लिहिलेलं असतं की पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी आठ वर्षं संशोधन करून शोधून काढलं, नटराजाच्या पायाचा अंगठा हाच पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताचा केंद्रबिंदू आहे. मग एकामागून एक दावे येतात. काळहस्ती, कांची आणि चिदंबरम ही मंदिरं नेमकी एकाच रेखांशावर आहेत. छपरावर २१,६०० सोन्याचे पत्रे आहेत, कारण माणूस दिवसात तेवढेच श्वास घेतो. ते ७२,००० खिळ्यांनी जडवलेत, कारण शरीरात तेवढ्याच नाड्या आहेत. गाभारा डावीकडे आहे, कारण हृदय डावीकडे असतं. आणि हे सगळं तिरुमूलर नावाच्या सिद्धाने ५,००० वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलं होतं. शेवटी विनंती असते की हे प्रत्येक हिंदूपर्यंत पोहोचवा, आपल्या पूर्वजांचा अभिमान वाटू द्या.

मी शंकराला मानतो आणि चिदंबरमला फार मानतो. म्हणूनच हा मजकूर मला खुपतो. त्यातल्या थोड्या गोष्टी खऱ्या आहेत, काही परंपरेच्या आहेत, आणि सर्वांत मोठ्या आवाजात सांगितलेली गोष्ट साफ खोटी आहे. एकेक घेऊ.

आधी अंगठा. होकायंत्राची सुई आडवी फिरते हे आपल्याला माहीत असतं. तीच सुई वरखाली झुकू शकेल अशी टांगली, तर उत्तरेकडच्या प्रदेशात तिचं उत्तर टोक जमिनीकडे झुकतं आणि दक्षिणेकडच्या प्रदेशात दक्षिण टोक. मधे जिथे ती अगदी आडवी राहते, त्या सगळ्या ठिकाणांना जोडणारी रेषा म्हणजे चुंबकीय विषुववृत्त. ही रेषा पृथ्वीला पूर्ण वेढा घालते. वेढ्याला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो, त्यामुळे जमिनीवर त्याचा 'केंद्रबिंदू' असूच शकत नाही. चुंबकत्वाचा उगम म्हणाल, तर तो पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडात आहे, आपल्या पायांखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोल. शिवाय ही रेषा स्थिर नाही, दशकानुदशकं ती हळूहळू सरकत असते.

बरं, ती निदान चिदंबरमवरून तरी जाते का? तिथूनही ती जात नाही. भारतात ही रेषा अगदी दक्षिण टोकाजवळून जाते. तिरुवनंतपुरमजवळचं थुंबा हे मासेमारांचं गाव अग्निबाणांसाठी निवडलं गेलं ते याच कारणाने. चुंबकीय विषुववृत्तावरच्या आकाशात वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचा अभ्यास तिथून करता येत होता, आणि २१ नोव्हेंबर १९६३ला पहिला अग्निबाण तिथून उडाला. चिदंबरम थुंब्यापेक्षा जवळजवळ तीन अंश उत्तरेला आहे, म्हणजे ३०० किलोमीटरांहून जास्त. ज्यांना पृथ्वीच्या चुंबकत्वाबद्दल खरंच कुतूहल आहे त्यांनी इतकं लांब जायची गरज नाही. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून ही मोजमापं घेतली जात होती. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि उपकरणं बिघडणार हे दिसल्यावर ते काम १९०४मध्ये अलिबागला हलवलं गेलं, आणि तिथल्या इमारती चुंबकीय अंश नसलेल्या साहित्यातून उभारल्या. ट्रामच्या तारांनी मोजणीत गडबड होऊ नये म्हणून जिथे वेधशाळा खाडीपलीकडे नेली गेली, तिथे जमिनीवरचा एखादा बिंदू 'जगाचं चुंबकीय केंद्र' असता तर त्याची नोंद राहून गेली असती का?

पण सर्वांत मोठं उत्तर खुद्द मंदिराच्या रिवाजात आहे, आणि हा मजकूर लिहिणाऱ्याने चिदंबरमचा उत्सव पाहिलेला नाही हे तिथेच कळतं. बहुतेक मोठ्या देवळांत मूळ मूर्ती गाभाऱ्यात अचल असते आणि मिरवणुकीसाठी वेगळी उत्सवमूर्ती असते. चिदंबरममध्ये तसं नाही. तिथला पंचधातूचा नटराज स्वतःच बाहेर येतो. मार्गळी महिन्यातल्या आर्द्रा दर्शनाच्या आणि आनी महिन्यातल्या उत्सवात, वर्षातून दोनदा, तोच रथात बसतो आणि गावाच्या चार रथवीथींतून फिरतो. राजा, पुजारी, ज्याला आत प्रवेश नव्हता तो, सगळ्यांसमोरून देव जातो. माझ्या मते ही चिदंबरमची सर्वांत सुंदर गोष्ट आहे. अंगठा जर पृथ्वीच्या चुंबकत्वाचं केंद्र असता, तर ते केंद्रही वर्षातून दोनदा रस्त्यावरून फिरलं असतं.

शिवाय १६४८ ते १६८६ अशी जवळजवळ ३८ वर्षं नटराज चिदंबरममध्ये नव्हताच. स्वाऱ्यांच्या भीतीने दीक्षितांनी, म्हणजे इथल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी, मूर्ती हलवली. ती आधी कुडुमियानमलैला आणि मग मदुरैला राहिली. आपल्याकडे विठोबाच्या मूर्तीलाही अशाच भीतीने गावोगाव लपवून ठेवावं लागलं होतं, त्यामुळे मराठी माणसाला यातला धोका आणि धीर वेगळा समजावून सांगायला नको. एवढा मोठा इतिहास या मजकुरात एका ओळीनेही येत नाही.

आता रेखांश. इथे मजकूर अर्धा बरोबर आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. काळहस्ती, कांचीचं एकांबरेश्वर आणि चिदंबरम ही तिन्ही मंदिरं ७९ अंश ४१ कलांवर येतात (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). पूर्व-पश्चिम फरक एका किलोमीटरच्या आत आहे. नकाशा उघडून कोणीही पडताळू शकतं. पण ही पंचभूतांची स्थळं आहेत आणि भूतं पाच आहेत. काळहस्ती वायू, कांची पृथ्वी, चिदंबरम आकाश. अग्नीचं तिरुवण्णामलै या रेषेच्या सुमारे ७० किलोमीटर पश्चिमेला आहे आणि जलाचं तिरुवानैक्कावल १०० किलोमीटरांहून जास्त. जुळली ती तीन सांगायची, न जुळलेली दोन गाळायची, अशाने कोणतीही रेषा आखता येते. याच मजकुराचा मोठा भाऊ 'केदारनाथ ते रामेश्वर एका रेषेत' म्हणून फिरतो. त्यात सिरोंच्यासमोरचं, प्राणहिता-गोदावरी संगमावरचं काळेश्वरमही घेतात. केदारनाथ आणि काळेश्वरम यांच्या रेखांशांत ८० किलोमीटरांहून जास्त अंतर पडतं. एवढ्या रुंद पट्ट्याला रेषा म्हणता येत नाही.

आपल्याकडचंच पाहा. त्र्यंबकेश्वर आणि भीमाशंकर ही दोन ज्योतिर्लिंगं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, साडेत्र्याहत्तर अंशांच्या जरा पुढे, फरक एका किलोमीटरच्या आतच. यात गूढ काही नाही. एक गोदावरीच्या उगमाशी आहे, दुसरं भीमेच्या. दोन्ही नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावतात, आणि सह्याद्री दक्षिणोत्तर पसरलेला आहे. तमिळ देशातही किनारपट्टीचं मैदान दक्षिणोत्तर आहे आणि मंदिरं त्या मैदानात दाटीने आहेत. पंचभूतांची स्थळं जिथे आहेत तिथे का आहेत याची उत्तरं जमिनीत दिसतात. तिरुवण्णामलैला डोंगरच लिंग आहे. तिरुवानैक्कावल कावेरीच्या बेटावर आहे आणि तिथल्या गाभाऱ्यात पाणी झिरपतं. चिदंबरमचं जुनं नाव तिल्लै, ते खारफुटीतल्या एका झाडाचं नाव. जवळच पिचावरमला आजही खारफुटीचं मोठं वन उभं आहे.

रेखांशाबद्दल आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. अक्षांश काढणं आपल्या ज्योतिषांना उत्तम येत होतं, शंकूची सावली मोजली की झालं. रेखांश काढणं मात्र सगळ्या जगालाच अवघड होतं. त्यासाठी दोन गावांतल्या वेळेचा फरक कळावा लागतो, आणि तो मुख्यतः ग्रहणाच्या वेळांवरून काढत. आपल्या सिद्धांतग्रंथांनी मध्यरेषा मानली होती ती लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशी. भास्कराचार्यांनीही तीच मानली. आधुनिक मोजणीत उज्जैन आणि कुरुक्षेत्र यांच्यात पूर्व-पश्चिम सुमारे १०० किलोमीटरचा फरक निघतो. हा त्यांचा कमीपणा नव्हे. हाताशी असलेल्या साधनांनी त्यांनी जे साधलं ते थोर आहे. पण देशातले सर्वोत्तम गणिती ज्या कामात एवढे चुकू शकत होते, तेच काम मंदिर बांधणाऱ्यांनी काही शे मीटरपर्यंत अचूक केलं आणि कुठल्याही ग्रंथात त्याची पद्धत लिहून ठेवली नाही, हे मान्य करायला पुरावा लागतो. तीन मंदिरांचा योगायोग हा पुरावा होत नाही.

२१,६००चा आकडा मला मनापासून आवडतो, म्हणून त्यावर जास्त बोलतो. मजकूर म्हणतो की मिनिटाला १५ श्वास, तासाला ९००, दिवसाला २१,६००, आणि हे आजच्या वैद्यकाने सिद्ध केलं. वैद्यकाप्रमाणे विश्रांतीत असलेला निरोगी प्रौढ मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. १५ हा त्यातला एक आकडा आहे, कोणताही नियम नाही. आकड्याचं खरं मूळ कालगणनेत आहे. दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं, आणि पळाचे ६ प्राण. गुणाकार करा, २१,६००. 'प्राण' हे आजच्या चार सेकंदांचं माप होतं. वर्तुळाचे ३६० अंश आणि अंशाच्या ६० कला केल्या तरी २१,६००च येतात, म्हणजे एका प्राणात आकाश एक कला सरकतं. आर्यभटाने १,५०० वर्षांपूर्वी श्वास आणि आकाशाचं फिरणं असं एका मापात बसवलं. चित्सभेच्या, म्हणजे नटराजाच्या त्या सोनेरी गाभाऱ्याच्या, छपराबद्दल परंपरा हा आकडा सांगते, तेव्हा ती हा सगळा विचार डोक्यावर घेऊन उभी आहे. त्याला 'विज्ञानाने आता सिद्ध केलं' अशी चिठ्ठी चिकटवली की तो विचारच झाकला जातो.

७२,००० नाड्या योगग्रंथांत आहेत. शरीर उघडून पाहिलं तर त्या मोजता येत नाहीत, कारण त्या शरीरशास्त्राच्या नाहीतच. डावीकडचं हृदय, खांबांची संख्या, दारांची संख्या, हे सगळं याच जातीचं आहे. देवळाला देह मानून वाचण्याची ती रीत आहे, आणि रीत म्हणून ती खरी आहे. छपरावर सोनं चढवल्याचं श्रेय दहाव्या शतकातल्या परांतक चोळाला दिलं जातं. त्या राजाने शरीराचा अभ्यास करून खिळे मोजले, असं कुठलाही लेख म्हणत नाही.

तिरुमूलरांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण ते शतकांचे आहेत. ५,००० वर्षांपूर्वीचं तमिळ लिखाण अस्तित्वातच नाही; सर्वांत जुने तमिळ कोरीव लेख इसवी सनापूर्वीच्या काही शतकांतले आहेत. तिरुमूलरांनी माणसाचा देह हेच चिदंबरम असं म्हटलं आहे, आणि ते सिद्ध करायला त्यांनी प्रयोग केले नव्हते. ती एका योग्याची अनुभूती आहे.

'पाश्चात्त्य शास्त्रज्ञ' कोण, कुठल्या संस्थेचे, त्यांनी काय प्रसिद्ध केलं, हे मजकुरात कधीच नसतं. हल्ली त्याला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या नटराजाचा फोटो जोडतात. ती मूर्ती खरी आहे. भारत सरकारने ती भेट दिली आणि २००४मध्ये ती तिथे बसवली गेली. कणांच्या अखंड हालचालीला तांडवाची उपमा देणं तिथल्या लोकांनाही आवडलं. त्यात चिदंबरमच्या चुंबकत्वाबद्दल काहीही नाही.

राहिली शेवटची विनंती, पूर्वजांच्या अभिमानाची. अभिमान मला आहे. गोपुरांच्या भिंतींवर नाट्यशास्त्रातली १०८ करणं, म्हणजे नृत्यमुद्रा, दगडात कोरणाऱ्या पाथरवटांचा आहे. शिवाच्या आवारातच गोविंदराज पेरुमाळ, म्हणजे विष्णू, नांदतो आणि एका जागी उभं राहून दोघांचं दर्शन होतं, ती जागा राखणाऱ्यांचा आहे. पडदा सरकवून मागे मूर्ती नाही, नुसत्या सोन्याच्या बेलपानांच्या माळा आणि मोकळी जागा दाखवायची, हे सुचणाऱ्यांचा तर फारच आहे.

आणि नंदनार या शिवभक्त संताचाही आहे. तो आदनूरचा, अस्पृश्य मानलेल्या पुलैयर जातीचा. देवळांतल्या वाद्यांसाठी कातडं आणि तारा पुरवायचा, पण देवळात जाऊ शकत नव्हता. उद्या तिल्लैला जाईन, उद्या जाईन, असं म्हणत राहिला, म्हणून त्याचं नावच 'उद्या जाणारा' पडलं. शेवटी गेला आणि गावाच्या वेशीबाहेरच प्रदक्षिणा घालत राहिला. १२व्या शतकातल्या चरित्रात येतं की शिवाने स्वप्नात सांगितल्यावर त्याच्यासाठी अग्नी पेटवला गेला, तो त्यातून ब्राह्मण मुनीच्या रूपात बाहेर आला, आणि मगच आत गेला. जो देह तिरुमूलरांना चिदंबरम वाटला, तोच देह याला जाळून बदलावा लागला. पंढरपूरला महाद्वाराबाहेर चोखोबांच्या समाधीशी थांबलेल्या माणसाला ही कथा परकी वाटणार नाही. मे १९४७मध्ये साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषण केलं, आणि त्याच वर्षी मद्रास प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला.