वन इन फिफ्टी

पुण्यात सायकल चालवताना माणूस दमत नाही, कारण दमायला जरा निवांतपणा लागतो. तिथे मिनिटामिनिटाला सिग्नल, त्यात उलट्या बाजूने येणारा स्कूटरवाला, डावीकडून अंगावर येणारी बस. पाय आपोआप थांबतात आणि थांबल्यावर ज्याच्या नावाने बोटं मोडावीत असा कोणीतरी समोर हजरच असतो. घरी उशिरा पोचल्यावर 'ट्रॅफिक होता' म्हटलं की पुढची चौकशी होत नाही.

आखेनला राहायला आलो आणि हा आधार तुटला.

आखेन म्हणजे जर्मनीचं पश्चिमेचं टोक. शहर संपलं की दक्षिणेला आयफेलचे डोंगर सुरू होतात, ते पलीकडे बेल्जियमच्या दलदलीच्या पठाराला जाऊन मिळतात. डोंगर हा शब्द मी इथल्या लोकांचा मान राखून वापरतो आहे. बेल्जियममधली सगळ्यात उंच जागा, बोत्रांज, ६९४ मीटर आहे. सातशेला सहा कमी पडतात हे सहन न होऊन त्यांनी १९२३ साली तिथे सहा मीटरचा ढिगारा उभा केला आणि वर जायला पायऱ्या बांधल्या. कळसूबाईच्या जिल्ह्यातल्या माणसाने यावर काय बोलावं!

या टेकड्यांमधून फेनबान नावाचा सायकलमार्ग जातो. आखेनपासून लक्झेंबर्गमधल्या त्र्वाव्हिएर्जपर्यंत, सव्वाशे किलोमीटर. मुळात ही रेल्वेची लाइन. प्रशियाच्या सरकारने १८८०च्या दशकात कोळसा आणि लोखंड वाहायला ती टाकली. पुढे गाड्या बंद पडल्या, रूळ उखडले, त्यावर गुळगुळीत डांबर आलं. मोटारींना मज्जाव. चढ कुठेही दोन टक्क्यांच्या वर जात नाही, असं माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापलेलं आहे. 'लहान मुलं आणि ज्येष्ठ नागरिक यांनाही सोयीचा', हेही. हे वाक्य मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

यंदा उन्हाळ्यात सासरे आले. नाना मध्य रेल्वेत गार्ड होते आणि त्यांची बरीचशी नोकरी कर्जत-लोणावळा घाटात गेली. त्यांना किल्ले, चर्च, संग्रहालयं यात काडीचा रस नाही. जुन्या रेल्वेलाइनवरून सायकलने जायचं म्हटल्यावर मात्र आदल्या रात्रीच कानटोपी काढून ठेवली. त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून बायकोने त्यांच्यासाठी ई-सायकल भाड्याने आणली. माझ्या गुडघ्यांचा विचार करण्याची पद्धत आमच्या घरात नाही. ती स्वतः 'तुम्ही दोघं जा, तुमचं छान जमतं' म्हणून घरी राहिली.

पहिले काही किलोमीटर झकास गेले. कोर्नेलिम्युन्स्टरचं जुनं गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना गाई, मधूनच एखादं पडीक स्टेशन. चिटपाखरू नाही. मग कळेना की पाय का भरून येताहेत. समोर पाहावं तर रस्ता सपाट. मागे पाहावं तर तोही सपाट. तरी सायकल पुढे जायला तयार नाही. आधी वाटलं हवा कमी आहे. उतरून चाकं दाबून पाहिली. मग वाटलं ब्रेक घासतोय. चाक फिरवून पाहिलं. मग वाटलं आपल्यालाच काहीतरी झालंय, आणि परदेशातल्या विम्यात हृदयाचं काय काय येतं ते आठवायला लागलो.

"काय झालं जावईबापू?" नाना पुढे जाऊन परत फिरले होते.

"काही नाही, जरा बघत होतो."

"चढ आहे," ते रस्त्याकडे नुसती एक नजर टाकून म्हणाले. "दोन टक्के म्हणजे वन इन फिफ्टी. पन्नास फुटांना एक फूट. डोळ्याला नाही दिसायचा. इंजिनाला कळतो."

घाटाचं बरं असतं. वळण येतं, भिंतीसारखा चढ समोर दिसतो, एखादा ट्रक धूर सोडत रांगत असतो, आपणही रांगतो, आणि माथ्यावर टपरीत बसून कोणालाही सांगावं की घाट चढून आलो. इथे तीस-पस्तीस किलोमीटर कोणीतरी मागून हळूच सीट धरून ठेवल्यासारखं वाटतं, आणि शेजारच्याला सांगायला जावं तर तो म्हणतो, कुठे आहे चढ?

शेजारचे म्हणजे जर्मन आजी-आजोबा. सत्तरीच्या पुढचे, ताशी पंचवीसच्या वेगाने ई-सायकलवर ताठ बसून येतात. एकदाच 'टिंग' करतात, मग 'हालो' म्हणतात आणि निघून जातात. या 'हालो'ला उत्तर द्यावंच लागतं, आणि देताना आपला श्वास नीट चालला आहे असं दाखवावं लागतं. एका आजींनी तर कॅरियरवरच्या टोपलीत बसवलेल्या कुत्र्यासकट मला मागे टाकलं. कुत्र्याने बराच वेळ वळून पाहिलं.

वाटेतला भूगोल नानांना समजावून सांगणं हे माझं दम खाण्याचं एकमेव साधन होतं, म्हणून मी ते तपशीलवार वापरलं. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने ही लाइन रूळ, स्टेशनांसकट बेल्जियमला दिली. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी डांबराचा पट्टा तेवढा बेल्जियमचा आणि दोन्हीकडची कुंपणं जर्मनीची. या पट्ट्याने जर्मनीचे पाच तुकडे मूळ देशापासून तोडून टाकले आहेत. रुकश्लाग नावाचा तुकडा म्हणजे तर एक घर आणि त्याचं आवार. रूळ गेले तरी जमीन बेल्जियमचीच राहिली.

"म्हणजे बांध एकाचा आणि दोन्हीकडची शेतं दुसऱ्याची?" नाना म्हणाले. "आमच्या गावात एवढ्यावर तीन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या."

माझ्या मोबाइलची मात्र गाळण उडाली होती. बेल्जियममध्ये स्वागत, जर्मनीत स्वागत, पुन्हा बेल्जियममध्ये स्वागत. दर मेसेजला थांबून तो वाचणं मी कर्तव्य मानलं.

रोटगेन मागे टाकलं आणि जंगल सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत कॉफीवर जबरदस्त कर होता, तेव्हा या भागातली माणसं बेल्जियममधून पाठीवर कॉफी लादून रात्री दलदलीतून चोरून आणत. मागे कस्टमवाले, प्रसंगी गोळीबार. म्युत्झेनिश गावात या तस्करांचा पुतळासुद्धा आहे. हे नानांना सांगून मी चांगली पाच मिनिटं मिळवली. ते ऐकून घेत म्हणाले, "पाठीवर पोतं घेऊन चालत जायचे, अं?" आणि माझ्या रिकाम्या पाठीकडे पाहिलं.

मग पाऊस आला. या पठारावर वर्षाला साधारण चौदाशे मिलिमीटर पडतो. कोकणात सासर असलेल्या माणसाला या आकड्याचं काय वाटणार? पण आपला पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करून मोकळा होतो. इथला बारा महिने हप्त्याने वसूल करतो. इथल्या गावांत घरांभोवती बीच झाडांची छपरापर्यंत उंच कुंपणं लावतात, पश्चिमेचा वारा अडवायला. ती फार सुंदर दिसतात, पण सायकलमार्गाला ती लावलेली नाहीत.

रविवार होता. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, बेकऱ्याही दुपारपर्यंत आवरतात. "आमच्या घाटात वन इन थर्टीसेव्हन," नाना ओल्या कानटोपीतून बोलत होते. "गाडी एकटी चढतच नाही. कर्जतला मागून बँकर इंजिनं लावायची, मग लोणावळ्यापर्यंत ढकलत न्यायचं. बँकर लागेपर्यंत माणसाचा वडा खाऊन होतो." थोडं थांबून ते म्हणाले, "इथे ना बँकर, ना वडा. माणसाने चढायचं कशावर?"

माझ्या बाजूने कोणीतरी बोललं म्हणून मला गहिवरून आलं. ते त्यांनी लगेच सायकलचं बटण 'टुर्बो'वर नेऊन पुसून टाकलं.

शेवटी कोन्त्सेनच्या पुढे रस्ता खरोखर सपाट झाला. पठार, वारा, लांबवर गवत. मी सायकल टेकवून उभा राहिलो आणि नानांना म्हटलं, फोटो काढा, माथा आला. नानांनी फोटोऐवजी मोबाइलमध्ये उंची पाहिली. साडेपाचशेच्या आसपास.

"पुणे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर एवढाच आकडा आहे," ते म्हणाले. "अजून लोणावळासुद्धा आलं नाही हो."

म्हणजे सकाळपासून जिवाचा आटापिटा करून मी शनिवारवाड्याच्या उंचीला पोचलो होतो, जिथे माझे मित्र त्या वेळी काहीही न चढता जेवून झोपले असतील.

मोनशाउच्या अलीकडे एक कॅफे उघडा सापडला. नानांनी दोन केक खाल्ले, बॅटरी चार्जिंगला लावून द्यायला लावली आणि मालकाला खुणांनी विचारलं की इथे डबल लाइन होती का. मालकानेही खुणांनी उत्तर दिलं. दोघांचं छान जमलं. मी फोटो कोणाला पाठवावा याचा विचार करत बसलो, तर तो काढलेलाच नव्हता.

परतीच्या वाटेवर उतार. तोही डोळ्यांना दिसत नाही, हे फार महत्त्वाचं. रस्ता सपाट, वारा पाठीला, सायकल तर हवेतच. ताशी तीसने मी आजी-आजोबांना मागे टाकत सुटलो, प्रत्येकाला एक 'टिंग', एक 'हालो'. टोपलीतला तो कुत्राही भेटला. ताशी पंचवीसच्या पुढे ई-सायकलची मोटर साथ सोडते, त्यामुळे नानाही मागे पडले. वाटलं, उगाच मनाला लावून घेतलं. तब्येत मुळात उत्तम आहे, सकाळी नुसतं वॉर्मअप झालं नव्हतं. रोटगेनला थांबून त्यांची वाट पाहिली आणि ते येताच सहज म्हटलं, "बघितलंत ना नाना, एकदा लय सापडली की काय वेग येतो!"

"बघितलं," ते सायकलवरून न उतरता म्हणाले. "उतारावर ब्रेक सुटलेली व्हॅगनसुद्धा अशीच पळते. म्हणून तर घाटात अशा सुटलेल्या गाड्या बाजूला घालून थांबवायला कॅच सायडिंग ठेवतात." आणि रस्त्याच्या कडेला मला घालायला कुठे जागा आहे का, ते शोधू लागले.