आत येऊ का?

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या आठवड्यात भाचीच्या शाळेच्या डायरीत लाल शाईत शेरा आला: ‘वर्गात अयोग्य पुस्तक आणले. पुस्तक जमा करून घेतले आहे. पालकांनी येऊन भेटावे.’ भाची नववीत आहे. वहिनीने त्या पानाचा फोटो मला पाठवला आणि पाठोपाठ फोनच केला. "ताई, रक्त पिणाऱ्या माणसांची पुस्तकं वाचतेय. रात्री पांघरुणात टॉर्च लावून. तुम्हीच बोला तिच्याशी, तुमचं ऐकते ती."

ती माझं ऐकते हा वहिनीचा जुना गैरसमज. पण पांघरुणातल्या टॉर्चचं ऐकून मला पोरीचं फार कौतुक वाटलं, हे काही मी फोनवर बोलले नाही.

जमा झालेलं पुस्तक म्हणजे ‘ट्वायलाइट’ मालिकेचा तिसरा भाग, ‘इक्लिप्स’. काळंभोर मुखपृष्ठ, त्यावर तुटत आलेली एक लाल रिबीन. ना सुळे, ना रक्ताचा थेंब. बाईंनी बहुधा मलपृष्ठ वाचलं असावं.

मला धक्का वगैरे बसला नाही, कारण माझं तेरावं वरीस नारायण धारपांच्या भयकथांच्या संगतीत गेलंय. कुडाळजवळ आजोळ. मे महिना. तिथल्या वाचनालयात मुलांचं एक कपाट होतं, त्यातला फास्टर फेणे सगळा वाचून झाला की पुढे काही नाही. नुसती पोकळी. बारा ते अठरा वयाच्या माणसांसाठी वेगळं काही लिहायचं असतं हे तेव्हा आपल्याकडे कुणाच्या फारसं डोक्यात नव्हतं, आजही फार आहे असं नाही. मग मी मामाच्या कार्डावर थेट मोठ्यांच्या कपाटाकडे वळले. ग्रंथपालकाका शिक्का मारता मारता चष्म्यावरून बघायचे. "मामाच वाचतो ना?" "हो." मामा तेव्हा मुंबईला नोकरीला होता आणि हे काकांना पक्कं ठाऊक होतं. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

त्याच कार्डावर धारपांची ‘लुचाई’ घरी आली. स्टीफन किंगने १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका लहानशा गावात व्हॅम्पायर आणून सोडला होता. धारपांनी त्या कादंबरीवरून आपली मराठी गोष्ट रचली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की एकेक घर आतून मरत जातंय आणि शेजारपाजारी अजून चहाच पीत बसलेत. संध्याकाळी वीज जायची. कंदिलाची काच एका बाजूने काळी झालेली, त्या उजेडात शेवटची पन्नास पानं वाचली आणि माजघराची खिडकी घट्ट लावून घेतली. मे महिन्यात! कोकणात!

आजी करवादली. "खिडकी उघड गो, उकाड्यान जीव जाता."

मी म्हटलं, कोणीतरी येईल आत.

"कोण येवचो नाय. भायर वेतोबा फिरता रात्रीचो."

आणि ती कुशीवर वळून झोपलीसुद्धा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. लोक त्याला मोठाल्या चामडी चपला वाहतात. तो रात्रीचा गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा. वेतोबा म्हणजे वेताळच. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा त्याने पुस्तकाच्या नावातच वेताळाचा ‘व्हॅम्पायर’ करून टाकला. इकडे तोच आजीचा रखवालदार! मी खिडकी उघडली. गजांना धरून थोडा वेळ बाहेर बघितलं आणि झोपले.

तर, वहिनीचा फोन. मी वाचल्याशिवाय बोलणार नाही असं तिला सांगितलं आणि पहिल्या भागापासून बसले. तिसऱ्यापर्यंत यायला अकरा रात्री लागल्या.

खरं सांगू? पहिल्या भागात मला दर चार पानांनी पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटत होतं. एडवर्ड, म्हणजे यातला व्हॅम्पायर नायक, किती देखणा आहे हे लेखिका आपल्याला विसरूच देत नाही. तो संगमरवरी. तो उन्हात चमकतो. बेला सतरा वर्षांची, फिनिक्सच्या उन्हातून उठून वडिलांकडे फोर्क्स नावाच्या सततच्या पावसातल्या गावात येते, आणि तिला स्वतःचं म्हणून फारसं काही करायचं नसतं. वडिलांचा स्वयंपाक मात्र रोज करते. तेवढं अगदी आपल्याकडचं वाटलं. पण नवव्या-दहाव्या रात्री लक्षात आलं की मी दीड वाजेपर्यंत जागतेय. २००५ मध्ये पहिला भाग आला तेव्हापासून जगभरच्या पोरी का जागल्या ते तेव्हा कुठे कळलं. वर्गात कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या मुलीकडे कोणीतरी एवढं रोखून बघतंय. चौदाव्या वर्षी याहून मोठं काय असतं?

आता माझी तक्रार. ती रक्ताबद्दल नाही.

व्हॅम्पायरच्या गोष्टींत एक जुना नियम आहे. लसूण, क्रूस, उन्हात भस्म होणं या सगळ्यापेक्षा मला तो आवडतो. (उन्हात भस्म होणं तर मूळ ‘ड्रॅक्युला’त नाहीच. तो भरदिवसा लंडनच्या रस्त्यावर दिसतो. ते प्रकरण १९२२च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटापासून सुरू झालं.) नियम असा: घरातल्या कोणीतरी ‘ये’ म्हटल्याशिवाय त्याला पहिल्यांदा आत पाऊल टाकता येत नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत म्हातारा डॉक्टर व्हॅन हेल्सिंग हे सगळ्यांना बसवून समजावतो. सुरुवातीला जोनाथन हा तरुण वकील किल्ल्याच्या दारात उभा असतो तेव्हाही काउंट ड्रॅक्युला त्याला ओढून घेत नाही, स्वतःच्या मर्जीने आत या म्हणतो. जोनाथनच्या बायकोपर्यंत, मीनापर्यंत, पोचायला तर काउंटला केवढी खटपट पडते. वेड्यांच्या इस्पितळातल्या रेनफिल्ड नावाच्या रुग्णाला उंदरांचं आमिष दाखवून त्याच्या तोंडून होकार काढून घ्यावा लागतो. होकार फसवून घेतलेला का असेना, पण घ्यावा लागतो. शेकडो वर्षं जगलेल्या राक्षसालासुद्धा. (हाच राक्षस एके ठिकाणी सोफ्यावर पडून इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक वाचत असतो. मला तो प्रसंग फार आवडतो. आमच्या सासऱ्यांची आठवण येते.)

एडवर्ड विचारत नाही. तो रोज रात्री खिडकीतून बेलाच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो. हे तिला खूप नंतर कळतं. कळल्यावर ती ओशाळते कशाने, तर आपण झोपेत काहीबाही बडबडलो असू म्हणून.

आणि तिसऱ्या भागात, म्हणजे नेमक्या जमा झालेल्या पुस्तकात, तिला जेकबला भेटायला जायचं असतं. जेकब तिचा मित्र. तो लांडग्याचं रूप घेतो, म्हणून एडवर्डच्या मते धोकादायक. ती तिच्या त्या खटारा ट्रकमध्ये बसते, किल्ली फिरवते, ट्रक सुरू होत नाही. शेजारी बघते तर एडवर्ड बसलेला, हातात इंजिनाचा सुटा भाग. काढून घेतलाय. काळजीपोटी. पुढे तो चूक कबूल करून माघार घेतो, हेही सांगायला हवं. पण ते पान वाचताना माझ्या हाताला घाम आला होता, आणि एवढा तर ‘लुचाई’ वाचतानाही आला नव्हता.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी सर्वाधिक आक्षेप आलेल्या दहा पुस्तकांची यादी काढते. २००९ आणि २०१० अशी दोन वर्षं ही मालिका त्या यादीत होती. नोंदलेली कारणं म्हणजे लैंगिक मजकूर, धार्मिक दृष्टिकोन, वयाला योग्य नाही, वगैरे. आता गंमत अशी की या मालिकेत लग्नाआधी शरीरसंबंध येतच नाही. त्या बाबतीत एडवर्ड आपल्या एखाद्या काकासाहेबांइतका सोवळा आहे. पण तो ट्रकचा भाग, ती खिडकी? त्या कारणांत ते कुठेच नाही. लाल शाईवाल्या बाईंनाही ते दिसलं नाही आणि वहिनीलाही नाही. सगळ्यांनी दात मोजले.

सुट्टीत भाची माझ्याकडे चार दिवस राहायला आली. चकल्या करत होतो. ती सोऱ्या फिरवत होती, मी तळत होते.

"आत्या, तू खरंच वाचलंस? तिन्ही?"

"तिन्ही."

"मग? एडवर्ड कसा वाटला?"

"म्हातारा आहे गं. १९०१चा जन्म. तुझ्या पणजोबांच्या बरोबरीचा."

"सगळे हेच म्हणतात," ती वैतागली. "बोअर नको करूस."

एक चकली तुटली. ती तिने उचलून कच्चीच तोंडात टाकली. मी विचारलं, "तो ट्रकचा पार्ट काढून घेतो ते?"

ती जरा थांबली. "ते तिच्या सेफ्टीसाठी असतं ना."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं इतकं होतं की घाणा करपला असता. आणि मला माझं तेरावं वरीस आठवत होतं. तेव्हा कोणी मला ‘लुचाई’तून काय शिकलीस असं विचारलं असतं, तर मी पुन्हा कधी कुणाला पुस्तक दाखवलं नसतं.

ती घरी गेली. दोन दिवसांनी रात्री अकराला तिचा मेसेज: आत्या जागी आहेस? मग: आमच्या क्लासमध्ये एक आहे, तिचा बॉयफ्रेंड दिवसभर तिचं लोकेशन बघतो. ती पण म्हणते सेफ्टीसाठी.

मी नाव विचारलं नाही. ‘आणि तिने ते बंद केलं तर?’ एवढंच विचारलं. बराच वेळ टायपिंग, टायपिंग दिसत राहिलं. मग आलं: तर तो भांडतो. मग लगेच: म्हणजे ट्रकच ना हा?

त्यापुढे आम्ही सव्वा तास बोललो. ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. पण ज्यांच्या घरात असा शेरा आला असेल किंवा येणार असेल त्यांना मी विचारते: हा सव्वा तास तुम्ही दुसऱ्या कशावर मिळवला असता? ‘मुलांचे डिजिटल वर्तन’ या विषयावरच्या व्याख्यानावर? मी तर अशा व्याख्यानाला एकदा आयोजक म्हणून बसलेय. पोरं खुर्च्यांखाली मोबाइल बघत होती.

आणि हो, माझ्याही काही रेघा आहेत. इन्स्टाग्रामच्या रील्समध्ये आता ‘डार्क रोमान्स’ नावाचा प्रकार जोरात चालतो. ती पुस्तकं मोठ्यांसाठी लिहिलेली असतात, पुष्कळदा पहिल्याच पानावर लेखिकेने तसं बजावलेलंही असतं. पण मुखपृष्ठं तशीच काळी, तशीच गुलाब-कट्यारवाली, आणि दुकानदार ती पोरांच्या पुस्तकांशेजारी एकाच टेबलावर मांडतो. त्यात पळवून नेणं, कोंडून ठेवणं हीच प्रेमाची गोष्ट असते. भाचीने तसलं एक मागितलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. का नाही तेही सांगितलं. तिला राग आला. येऊ दे. माझ्या ग्रंथपालकाकांनीही एक-दोन पुस्तकं ‘बाहेर गेलीयत’ म्हणून मला दिली नव्हती, आणि ती मागच्या कपाटात मला दिसत होती.

बाकी तिला हवं ते वाचू दे. सध्या ती खुनांवर आहे. शाळेच्या प्रोजेक्टसाठी गावातला जुना खून उकरून काढणारी मुलगी, असलं काहीतरी. त्यातली नायिका वह्या करते, मुलाखती लिहून काढते, संशयितांची यादी ठेवते. भाचीने तशी वही घातलीय. पहिल्या पानावर संशयित म्हणून माझ्या भावाचं नाव आहे. फ्रीजमधल्या बासुंदीचं प्रकरण.

मी तिला मूळ ‘ड्रॅक्युला’ दिलंय. सगळी गोष्ट डायऱ्या, पत्रं, तारा यांतून सांगितलीय हे बघून म्हणाली, "म्हणजे हे सगळे एकमेकांचे मेसेजच वाचतायत." अगदी बरोबर. मीना बसून ते सगळं टाइप करून क्रमाने लावते, म्हणून तर तो सापडतो. भाचीला मीना आवडलीय. बेलापेक्षा जास्त, असं म्हणायला मात्र ती अजून तयार नाही.

गेल्या आठवड्यात वहिनी शाळेत जाऊन पुस्तक सोडवून घेऊन आली. बाई चांगल्या बोलल्या म्हणे, जरा घाईतच होत्या. आमच्या घरात पान दुमडलं की आईचा धपाटा बसायचा, त्यामुळे भाचीही खुणेला बसचं तिकीट ठेवते. तिकीट होतं तिथेच होतं. त्याच्यापुढे दीडेकशे पानांवर एक कोपरा नीट दुमडलेला होता.

भाची विचारतेय, बाईंना चौथा भाग नेऊन देऊ का.