पोवाडा आणि निमं वेतन

शिवजयंती जवळ आली की आमच्या नागपूरकर नातेवाइकांच्या ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो. काका म्हणतात, पोट्ट्यांना पोवाडे ऐकवा, सैन्यभरतीला रांगा लागतील. मावसबहीण म्हणते, डीजेवरच्या असल्या गाण्यांनी नुसती डोकी भडकतात. केंब्रिजमध्ये बसून हे वाचताना मला दोघांचंही पटत नाही. गाण्यानं माणूस पलटणीत जातो, हे दोघंही गृहीत धरतात.

इथल्या मॉडलिन कॉलेजात सॅम्युअल पेपिसनं जमवलेली १,८०० हून जास्त छापील गाणी आहेत. हा पेपिस सतराव्या शतकातला, इंग्लंडच्या नौदलाचा कारभारी. एका बाजूला छापलेला स्वस्त कागद, वर लाकडी ठशाचं चित्र, खाली 'अमुक चालीवर म्हणावे'. विकणारा बाजारात गाऊनच विकायचा. राजासाठी लढायला चला म्हणणारी गाणी त्या काळात रग्गड होती. तरीही १७०४ च्या सुमाराला, स्पेनच्या वारसायुद्धात, कामधंदा नसलेल्यांना पकडून पलटणीत घालण्याचे कायदे करावे लागले. नुसत्या गाण्यांनी पलटणी भरल्या असत्या तर कायद्याची गरजच पडली नसती. आणि सतराव्या शतकातला नावाजलेला गीतकार मार्टिन पार्कर यानं लढाईत जायबंदी होऊन भीक मागणाऱ्या शिपायाचंही गाणं लिहिलं होतं.

आपल्याकडे काय वेगळं होतं? शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा, बारगिराला सरकारी मिळायचा. बरेचसे शेतकरीच, दसऱ्यानंतर मुलूखगिरीला निघायचे, पावसाच्या तोंडी परतायचे. त्यांना बाहेर काढायचं ते पोट, वतनाची आशा आणि धन्यावरची निष्ठा. पोवाडा लढाई झाल्यावर यायचा. शाहीर अज्ञानदासाला अफजलखान वधाच्या पोवाड्याबद्दल घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला, हे त्या पोवाड्यातच आहे.

त्याच १६५९ च्या लढाईबद्दल सभासद बखरीत जे आहे, ते मात्र डफावर कुणी म्हणत नाही. पडलेल्यांच्या मुलांना सांभाळलं, ज्यांना मुलं नव्हती त्यांच्या बायकांना निमं, म्हणजे अर्धं, वेतन बांधून दिलं, जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत दिले. माझ्या मते महाराजांचं मोठेपण वाघनखांइतकंच या ओळींत आहे.

आम्ही नागपूरकरांनी आणखी एक गाणं ऐकायला हवं. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर जात राहिल्या. तिथल्या आया आजही लेकराला झोपवताना बर्गी, म्हणजे हे मराठा घोडेस्वार, आल्याचं गातात: धान पाखरांनी खाल्लं, आता सारा कशानं भरायचा? नागपूरच्या महाल भागात वाढताना भोसल्यांच्या पराक्रमाबरोबर ही अंगाई मला कुणी सांगितली नाही. सांगायला हवी होती.

ब्रिटनचं सगळं बरं, असं मी म्हणणार नाही. इथं आईबापांची संमती असेल तर आजही सोळाव्या वर्षी पोराला पलटणीत घेतात. पण लोकगीतांच्या मैफलीत भिकेला लागलेल्या शिपायाचं गाणं म्हटलं म्हणून कुणी गाणाऱ्याच्या देशप्रेमावर शंका घेत नाही. आणि जायबंदी शिपायांसाठी गावोगावच्या पॅरिशांनी, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांनी, पट्टी काढावी, असा कायदा इथं १५९३ मध्येच झाला होता.

पहाटे मैदानावर धावणारी विदर्भातली पोट्टी मी सुट्टीत पाहतो. त्यांच्यात धमक आहेच. पोवाड्यावाचून कुणाचं अडलेलं नाही. कापसावर घर चालत नाही, म्हणून ती धावतात. अग्निपथ या सैन्यभरतीच्या योजनेत चार वर्षांनी चारांतला फार तर एक कायम होतो; बाकीचे साधारण ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येतात, पेन्शनशिवाय. ड्यूटीवर असताना मरण पावलेल्या अग्निवीराच्या, म्हणजे या योजनेतल्या जवानाच्या, घरच्यांना विम्याची आणि सानुग्रह रक्कम मिळते, पण नेहमीच्या जवानाच्या कुटुंबासारखी फॅमिली पेन्शन मिळत नाही. शिवाजी महाराजांच्या नावानं मतं मागायला जो आमदार-खासदार आपल्या दारात येईल, त्याला निमं वेतन बांधून देणारी ती ओळ वाचून दाखवा आणि या पोट्ट्यांबद्दल विचारा.