‘ब्लॉक करा, मोकळे व्हा’ : हा सल्ला नेमका कुणाच्या सोयीचा?

पालकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड जोरात फिरतोय : ‘मोबाईलमधला त्रास हा त्रासच नव्हे. ब्लॉक करा, मोकळे व्हा. आम्हीही कॉलेजात चिडवाचिडवी सोसली, काय बिघडलं? आणि ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं आयटी कायद्यातलं कलम ६६ए रद्द झाल्यापासून पोलीसही काही करू शकत नाहीत.’ मी मुंबईत कॉलेजात शिकवते. यातलं एकही वाक्य मला पटत नाही.

आधी ब्लॉकचं बघू. विरार लोकलमध्ये डुलकी लागलेल्या एका मुलीचा, तोंड उघडं पडलेला फोटो वर्गातल्या कुणीतरी काढला आणि त्याचं स्टिकर केलं. तिने वर्गाच्या ग्रुपवर काही विचारलं की खाली तेच स्टिकर. एकाने टाकलं की पाठोपाठ बाकीचे. व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलेल्याचे मेसेज सामाईक ग्रुपमध्ये दिसतच राहतात. ग्रुप सोडावा, तर सबमिशनच्या तारखा, प्रॅक्टिकलच्या बॅचेस सगळं तिथेच येतं. शेवटी तिने विचारणंच बंद केलं. ब्लॉकने फार तर तिला दिसणार नाही. वर्गाला दिसतंच, आणि सकाळी त्याच वर्गात जाऊन बसायचं असतं.

‘आम्ही सोसलं’ म्हणणारे टिकले, म्हणून आज मेसेज लिहितात. ज्यांनी कॉलेजच सोडलं, त्यांना कुणी विचारत नाही.

६६ए सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं, हे खरं. फेसबुकवरच्या मतासाठी २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, तिथून तो विषय पेटला होता. ते कलम गेलं ते बरंच झालं. पण बनावट अकाउंटसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६सी, ६६डी आहेत. मुलीने नको म्हटल्यावरही ऑनलाइन पाठलाग करणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे.

स्टिकर कदाचित यातल्या कशातच बसणार नाही. तिथे कॉलेजने हात झटकायचे नसतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९च्या नियमांनुसार रॅगिंगमध्ये लेखी शब्दांनी दिलेला त्रासही येतो, आणि नुसत्या नव्या मुलांना नव्हे, कुठल्याही विद्यार्थ्याला दिलेला त्रास येतो. म्हणजे त्रास देणारा वर्गमित्र असला तरी तक्रार होऊ शकते. कॉलेज ऐकत नसेल तर १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे.

ब्लॉक जरूर करा. पण आधी तारीख, वेळ, नंबर आणि अकाउंटचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, चॅट डिलीट करू नका, आणि घरच्या किंवा विश्वासाच्या एका माणसाला ते दाखवून ठेवा. तक्रार करायला गेलं की पहिल्यांदा तेच मागतात.