‘डीस्पेसमध्ये सगळं ॲडमिन मेनूतूनच होतं’ हे खरं नाही

नव्याने डीस्पेस, म्हणजे संस्थेचे प्रबंध-लेख साठवणारं डिजिटल भांडार चालवायचं सॉफ्टवेअर, सांभाळायला घेणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला असा: “एकदा इन्स्टॉल झालं की फाइलींना हात लावायची गरज नाही. सर्चचे फिल्टर आपोआप येतात. हँडल (नोंदीचा किंवा संग्रहाचा कायमचा दुवा) आणि परवानग्या नंतर केव्हाही बदलता येतात.” आवृत्ती ७ आणि पुढच्या डीस्पेससाठी यातलं फारच थोडं खरं आहे.

“फाइलींना हात लावायची गरज नाही.” कम्युनिटी (विभाग), कलेक्शन (त्यातले संग्रह), ग्रुप, मेटाडेटा रजिस्ट्री (नोंदींतल्या फील्डची यादी) हे सगळं मेनूतून होतं, कारण ते डेटाबेसमध्ये असतं. सबमिशन फॉर्म (नवी नोंद भरायचा फॉर्म) मात्र एक्सएमएल फाइलीत असतो. प्रबंधांसाठी ‘मार्गदर्शक’ हा रकाना हवा असेल, तर ते फील्ड आधी रजिस्ट्रीत असायला हवं. मग ‘सबमिशन-फॉर्म्स’ फाइलीत रकाना लिहायचा, ‘आयटम-सबमिशन’मध्ये त्या फॉर्मची सबमिशन प्रक्रिया कलेक्शनच्या हँडलला जोडायची आणि टॉमकॅट (डीस्पेस ज्यावर चालतं तो सर्व्हर) रीस्टार्ट करायचा. त्याआधी फाइल तपासणारी एक्सएमएललिंट ही कमांड चालवा. एक टॅग बंद करायचा राहिला, तर त्या एकाच नव्हे, सगळ्याच कलेक्शनचे फॉर्म अडतात.

इतकं करूनही मार्गदर्शकाचं नाव आयटमच्या साध्या पानावर दिसेलच असं नाही. पूर्ण नोंदीत मात्र दिसतं. साध्या पानासाठी थीममधला अँग्युलर कंपोनंट (पान मांडणारा कोडचा तुकडा) बदलून बिल्ड पुन्हा करावा लागतो.

हे बदल सोर्स फोल्डरमध्ये करा. घाईत थेट इन्स्टॉल फोल्डरमध्ये केलेत, तर पुढच्या ‘अँट अपडेट’ला (सोर्समधून इन्स्टॉल फोल्डर अद्ययावत करणारी कमांड) तिथे सोर्समधली फाइल येऊन बसते आणि तुमची फाइल नावापुढे ‘ओल्ड’ लागून बाजूला पडते. अपग्रेडनंतर “फॉर्म गायब झाला” ही तक्रार येते, तिचं मूळ बहुतेकदा इथेच असतं.

“सर्चचे फिल्टर आपोआप येतात.” येतात ते मुळात ठरवून दिलेलेच. नव्यासाठी डिस्कव्हरी (सर्चच्या) फाइलीत बीन, म्हणजे त्या फिल्टरची व्याख्या, लिहा आणि त्याचा उल्लेख साइडबार फॅसेट (बाजूच्या पट्टीतले फिल्टर) व सर्च फिल्टर अशा दोन्ही याद्यांत करा. रीस्टार्टनंतर सर्चची सूची नव्याने बांधणारी ‘इंडेक्स-डिस्कव्हरी’ कमांड ‘बी’ पर्यायासह चालवा. नाहीतर जुने आयटम त्या फिल्टरखाली येणार नाहीत. भाषेच्या फाइलीत मथळा दिला नसेल, तर साइडबारमध्ये शीर्षकाच्या जागी कच्ची की (कोडमधलं नाव) झळकते.

“हँडल नंतर बदलता येतं.” येतं, ‘अपडेट-हँडल-प्रिफिक्स’ ही कमांड त्यासाठीच आहे. पण १२३४५६७८९ हा नमुन्यादाखल दिलेला प्रिफिक्स (हँडलच्या सुरुवातीचा संस्थेचा क्रमांक) आहे. तो घालून दिलेले दुवे एकदा लोकांच्या संदर्भसूचीत गेले, की बदलानंतर ते उघडत नाहीत. स्वतःचा प्रिफिक्स पहिला आयटम चढवण्याआधीच लोकल कॉन्फिगमध्ये टाका.

“परवानग्याही नंतर बदलता येतात.” कलेक्शनची डीफॉल्ट वाचन-परवानगी आयटम दाखल होताना त्याला चिकटते. नंतर ती बदलली तर फक्त नव्या आयटमना लागू होते. आधीच्या पीडीएफ सर्वांना खुल्या होत्या, तर खुल्याच राहतात. त्यांच्यासाठी ७.६ पासून एकदम अनेक आयटमच्या परवानग्या बदलणारं बल्क ॲक्सेस मॅनेजमेंट आहे, आणि ते खरोखरच मेनूत आहे. बदल केल्यावर लॉगआउट होऊन एखादी जुनी पीडीएफ उघडून पाहा.