गोफणीला कोण विचारतंय?

धनुष्यबाणाचा विषय निघाला आणि पहिली दहा मिनिटं अर्थातच चिन्हावर गेली. चहा यायच्या आत दोघं रुसून उठायला लागले तेव्हा अप्पा ओरडला, "खऱ्या धनुष्याचं बोला, न्हायतर गप बसा."

मग ऑलिंपिक. २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं लावलेलं धनुष्य, येतंय म्हटल्यावर आमच्या इंजिनिअरला (पदवी किती वर्षांत मिळाली ते विचारू नये) चेव चढला. बर्लिन, २०२३, आपल्या साताऱ्याची अदिती आणि नागपूरचा ओजस एकाच दिवशी जगज्जेते, ओजसचे फायनलला १५० पैकी १५०. इथवर सगळ्यांच्या माना डोलल्या. पण गडी थांबेल तर ना! "धनुष्य म्हणजे सायन्स आहे. गोफण म्हणजे काय, दोरीला दगड."

हे अप्पासमोर बोलायचं नसतं. अप्पाचं अर्धं बालपण शाळवाच्या रानात, माळ्यावर राखणीत गेलंय.

"चाकं लावलेलं ते तुझं," अप्पा म्हणाला, "त्याला धनुष्य म्हणायचं तर आमच्या हिरीवरचा रहाटबी धनुष्यच."

इंजिनिअरने मोबाईल काढून कायनेटिक एनर्जी सुरू केली. कोणी ऐकलं नाही. तेवढ्यात मास्तरांनी घसा साफ केला. इ.स.पू. ४०१, ग्रीक भाडोत्री फौज इराणच्या राजाच्या मुलखातून घरी निघालेली, मागून बाणांचा आणि धोंड्यांचा मारा. त्यांच्याकडचे क्रीटचे तिरंदाज पोचेनात. तेव्हा त्यांच्या एका सरदाराने, झेनोफनने, फौजेतलीच ऱ्होड्स बेटावरची माणसं हुडकली, दोनशेच्या आसपास. ती गोफणीतून शिशाच्या गोळ्या मारायची. इराणी गोफणवाले मुठीएवढे धोंडे फेकायचे, यांची गोळी त्याच्या दुप्पट लांब जायची.

"रेंज ठीक आहे हो, पण नेम?"

"स्पेनजवळच्या बालेआरिक बेटांवर, पूर्वी," मास्तर म्हणाले, "आई भाकरी निशाण म्हणून ठेवायची. पोराने गोफणीने उडवली तरच खायला."

"मग अप्पा उपाशीच मेला असता," इंजिनिअर म्हणाला. "माझ्या गाडीची काच आठवते ना? हुरडा पार्टी? अडीच हजार?"

काच फुटली होती हे खरं. पण गाडी बांधावर लावू नकोस असं चौघांनी सांगितलं होतं, हेही खरं.

त्याचा एक मुद्दा मात्र बरोबर होता. गोफण फिरवायला भोवती जागा लागते, तिरंदाजांसारखं खांद्याला खांदा लावून उभं राहता येत नाही. अप्पाने मान्य केलं. "रान लागतं. तुझ्या वन-बीएचकेत न्हाई जमायचं." मग जरा थांबून म्हणाला, "आन् गोफण पाखरू मारायला नसतीच रं. उठवायला असती. दाणाबी वाचला, पाखरूबी वाचलं. तुझ्या बाणानं पाखरू मरणार, आन् मग बाण हुडकत तू शाळवात शिरून ताटं मोडणार."

यावर उत्तर नव्हतं. मला वाटतं, खरं दुखणं हेच आहे. धनुष्य रामाकडे, अर्जुनाकडे; गोफण राखणदाराकडे. तिकडे बायबलात दाविद गोफणीने धिप्पाड गलायथला पाडून पुढे राजा झाला, पण फ्लॉरेन्समधल्या त्याच्या प्रसिद्ध पुतळ्यात गोफण खांद्यावरून पाठीवर टाकलेली. समोरून बघणाऱ्याला धड कळतही नाही.

मास्तरांना सातपुड्यातला तिरकमठाही सांगायचा होता, पण चहा आला.

इंजिनिअरने गळ्यातली आयकार्डाची पट्टी काढली, दुमडली, मध्ये शेंगदाणा ठेवला. "अडीच हजार आजच वसूल करतो."

अप्पा उठला आणि आधी आपली मोटरसायकल पलीकडे लावून आला.

शेंगदाणा मागच्या मागे उडून थेट मास्तरांच्या कपात.

"लागला की नेम!" अप्पा म्हणाला. "वाढा रं ह्याला भाकरी."