मांजराला पाव गोळीही देऊ नका: फिरत्या मेसेजला उत्तर

‘जनावरांच्या डॉक्टरांचे पैसे वाचवा, घरच्या घरी उपचार करा’ असा एक मेसेज सध्या इंदूरच्या मराठी घरांमधून फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. त्यांतल्या दोघींकडे मांजरं आहेत, म्हणून गप्प बसवत नाही. त्यातले सल्ले एकेक करून घेते.

‘नाक कोरडं आणि कान गरम असले की ताप समजा.’ पुढची सगळी चूक इथूनच सुरू होते. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, मांजराचंही जवळपास तेवढंच. आपल्या हाताला त्यांचं अंग कायम तापलेलंच लागणार. नाक तर झोपून उठल्यावर किंवा मे महिन्यात कूलरसमोर बसल्यावरही कोरडं पडतं. ताप पाहायचा तर डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून ते गुदद्वारात अगदी थोडं सरकवायचं. आकडा 103 च्या वर गेला तर डॉक्टरांना फोन करायचा.

‘ताप असेल तर पॅरासिटामॉल द्या. कुत्र्याला अर्धी, मांजराला पाव गोळी.’ हे वाचताना माझे हात थरथरले. आपलं यकृत पॅरासिटामॉलला ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. ही जोड देणारं एन्झाइम मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतंच. मग त्या औषधातून विषारी पदार्थ तयार होतो, रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं आणि प्राणवायू वाहून नेईनासं होतं. मांजर श्वास घेत असतं, पण तो श्वास अंगी लागत नाही. 500 मिलिग्रॅमची पाव गोळी म्हणजे 125 मिलिग्रॅम. तीन किलोच्या मांजराला हे किलोमागे 40 च्या वर जातं, आणि किलोमागे 10 मिलिग्रॅमलाही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

आमच्या लोकमान्य नगरातल्या एका काकूंनी मागच्या उन्हाळ्यात अशीच गोळी दुधात कुस्करून दिली. औषधाच्या दुकानात विचारलं होतं त्यांनी, ‘चालेल’ म्हणाले. संध्याकाळपर्यंत मनीचं तोंड आणि पंजे सुजले, गुलाबी हिरड्या चॉकलेटी झाल्या. मला बोलावलं तोवर ती धापा टाकत होती. रिक्षा करून डॉक्टरांकडे नेली, पण तिने रात्र काढली नाही. काकू अजून म्हणतात, ‘अगं, तिला बरं वाटावं म्हणूनच दिली गं मी.’ मला त्यांच्यावर रागावता येत नाही. राग येतो तो न जाणता असे सल्ले लिहून पुढे ढकलणाऱ्यांचा. या विषावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो जितक्या लवकर मिळेल तितका उपयोगी. गोळी पोटात गेलीच असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, स्ट्रिप बरोबर घेऊन तडक निघा. कुत्रा मांजरापेक्षा जास्त मात्रा सोसत असला, तरी अंदाजाने दिलेली अर्धी गोळी त्यालाही सुरक्षित होत नाही. आणि आयब्युप्रोफेन ही आपली दुखण्यावरची गोळी तर कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतं, मूत्रपिंडं निकामी करतं.

‘गोचिडांवर रॉकेल चोळा, कुत्र्याचं औषध मांजरालाही लावा.’ रॉकेलने कातडी भाजते. जनावर अंग चाटतंच, आणि ते रॉकेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. मांजराच्या बाबतीत दुसरा सल्ला त्याहून घातक आहे. मानेवर टाकायच्या कुत्र्यांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराला त्याने कंप सुटतो, झटके येतात, जीवही जातो. गोचीड काढायलाच हवी, याबद्दल मात्र वाद नाही. तिच्या चाव्यातून कुत्र्याला एर्लिकिया हा जिवाणूंचा आजार होतो, प्लेटलेट्स उतरतात, कधी नाकातून रक्त येतं. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण 28 दिवस द्यावं लागतं, तेही डॉक्टरांनी वजन पाहून ठरवलेलं.

‘रोज लसणाची पाकळी द्या, पिसवा पळतात.’ कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात. आपल्याकडे सकाळी उरलेले पोहे वरच्या कांद्यासकट टॉमीच्या ताटलीत जातात, तेही थांबवा. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा कुत्र्याला नकोत, त्यांनी मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

‘पिल्लाला उलट्या-जुलाब झाले तर दहीभात देऊन दोन दिवस वाट पाहा.’ लस न झालेलं पिल्लू उलट्या करतंय, खात नाही, शौचात रक्त दिसतंय, तर पार्वो या विषाणूच्या आजाराची शंका आधी घ्यायची. त्यात हे दोन दिवसच निर्णायक असतात. शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं आणि सलाइनवाचून पिल्लू हातचं जातं. लशी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या डोसांना निष्फळ करू शकते. एक सुई टोचली की झालं, असं नाही. पैशांची अडचण मला कळते. पण इंदूरजवळ महूला पशुचिकित्सा महाविद्यालय आहे, मध्यप्रदेशात फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठी 1962 हा नंबर आहे. आधी तिथे विचारा.

शेवटचा सल्ला: ‘घरातच राहणाऱ्या जनावराला रेबीजची लस नको, आणि चावलं तर जखमेवर मिरची-हळद भरा.’ दार एकदा उघडं राहिलं तरी मांजर जिन्यात असतं, आणि जिन्याखाली गल्लीतली कुत्री. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज माणसाला किंवा जनावराला जवळजवळ सोडतच नाही, म्हणून जनावराला पहिली लस ते तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा. चावा बसला तर जखमेत काही भरू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा, टाके घालायची घाई करू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. पाळलेलं, लस झालेलं जनावर चावलं असेल तरीही जा.